आरसीबुकात पाण्याचा रकाना नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या अंकात रोज कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी येते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आम्ही सांगलीच्या गावभागातली माणसं चहाच्या आधी तो आकडा बघतो आणि फ्रिज टेबलावर चढवायचा की अजून एक रात्र थांबायचं ते ठरवतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून किती, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी ओसरलं की पंचनामे, सानुग्रह अनुदान, गाळ उपसणं, सगळ्याच्या बातम्या येतात. पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढं कुठं जातात, एवढं मात्र माझ्या वाचनात कधी आलं नाही. गेल्या दीड महिन्यात त्याचा थोडा माग मला लागला, म्हणून हे पत्र. लांबलंय. कात्री लावायची असेल तर खुशाल लावा, फक्त बेदाण्याचा भाग राहू द्या.

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात ३४ वर्षं दिवाणजी होतो. मुख्य माल हळद, हंगामात बेदाणा. गेल्या पाडव्याला वही नव्या पोराच्या हातात दिली आणि घरी बसलो. दिवाणजीला पेन्शन नसते. निरोप देताना मालकांनी पाकीट दिलं, घरात थोडं साठलेलं होतं, आणि आमच्या मंडळींचे गुडघे रिक्षात चढताना कुरकुरायला लागले होते. मिरजेला दवाखान्यात पंधरा दिवसाला एक फेरी असते. म्हटलं, गाडी घेऊ. पुण्याचा मुलगा म्हणाला, "अप्पा, नवीच घ्या, छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, हप्ता मी भरतो." त्याच्या स्वतःच्या घराचा हप्ता किती आहे ते मला माहीत आहे. माझा आकडा तीन लाख, त्याच्या वर एक पैसा नाही. तीन लाखांत नवी गाडी येत नाही, जुनीच येते. लायसन होतं. मालकांच्या जीपवर हात बसलेला होता. स्वतःच्या नावावर मात्र आजवर एक स्कूटरच झाली, तिचं पुढं सांगतो.

पहिली गाडी बघितली ती मिरज रस्त्यावरच्या एका दुकानात. नाव लिहीत नाही, कारण अशी दुकानं एक नाही. पांढरीशुभ्र गाडी, २०१८ चं मॉडेल, काट्यावर ४१ हजार किलोमीटर. सीट कव्हर नवी, पायाखालचे मॅट नवे, बॉनेटमध्ये तोंड दिसावं असं पॉलिश. विकणारा मुलगा म्हणाला, "काका, एकहाती गाडी आहे, डॉक्टरांची." जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्याच गाड्या डॉक्टरांच्या असतात. उरलेल्या बँक मॅनेजरच्या. सांगली-मिरजेत डॉक्टर पुष्कळ आहेत हे खरं, पण एवढ्या गाड्या विकण्याइतके नसावेत.

आता हळदीच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. हळकुंड ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात, तेव्हा बाहेरून सगळाच माल सोन्यासारखा दिसतो. म्हणून खरेदीदार ढिगातून हळकुंड उचलतो आणि मोडतो. चांगलं वाळलेलं असेल तर खण्‌कन आवाज करून तुटतं आणि आत गर्द नारिंगी दिसतं. ओल राहिलेली असेल तर वाकतं, आवाज बसका येतो. त्यानंतर नाक. आमच्या हरिपुरात हळद पेवात साठवायचे, म्हणजे जमिनीत पंचवीस-तीस फूट खोल खड्डा, तोंडाला अरुंद आणि पोटाला फुगीर. तिथल्या मातीत वर्षानुवर्षं हळद किडत नसे. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, आतली कोंडलेली हवा जाऊ देतात, नाहीतर माणूस आतच राहतो. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर पेवाच्या तोंडाशी जो वास आला तो माझ्या नाकात अजून आहे. कुजका, गोडसर आणि तळाशी मातीचा.

गाडीत बसलो तेव्हा गुलाबाचा वास येत होता. आरशाला सुगंधी बाटली टांगलेली होती. मी ती काढून त्या मुलाच्या हातात दिली, चारी काचा वर केल्या, एसी बंद ठेवायला सांगितला आणि उन्हात नुसता बसून राहिलो. पोरगं बाहेरून बघत होतं, म्हातारा झोपला का म्हणून. सहा-सात मिनिटांनी गुलाब बसला आणि पेव उघडलं.

माझ्याबरोबर आमच्या गल्लीतला गॅरेजवाला पोरगा होता. त्याला मी काही बोललो नाही, नुसतं नाकाला बोट लावलं. तो मागच्या सीटवर गेला आणि सीटबेल्ट ओढायला लागला. आपण बेल्ट लावताना हातभर ओढतो. त्यानं तो संपेपर्यंत ओढला, आणि आतली शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली तेव्हा तिच्यावर एक आडवी रेघ होती. रेघेच्या वर पट्टी काळी, खाली करडी. त्यानं बोटानं खरवडलं आणि बोट माझ्यापुढं धरलं. ज्यानं २०१९ च्या ऑगस्टमध्ये घर धुतलंय त्याला त्या गाळाची ओळख सांगावी लागत नाही. ओला असताना लोण्यासारखा, वाळला की मैद्यासारखा, आणि नखात बसला की आठ दिवस निघत नाही. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या घरात ते माझ्या छातीला लागत होतं. २०२१ ला पुन्हा आलं. ही गाडी दोन्हीपैकी कुठल्या पुरातली ते गाळ सांगत नाही. पुढं त्यानं डिकीतलं स्टेपनीचं चाक उचलून दाखवलं. खोबणीच्या कडेला तोच गाळ पापडासारखा सुटून आला होता. सीटखालच्या बोल्टांना गंज, आणि वायरींच्या जोडाला हिरवट फूल.

मी मुलाला विचारलं, "गाडी पुरातली आहे का?"

तो हसला. म्हणाला, "काका, सांगलीत पाणी कुणाच्या दारात आलं नाही, सांगा की."

हे उत्तर मला आवडलं, खोटं कशाला बोलू. खरंही होतं. मी म्हटलं, "बरं. मग पावतीवर एक ओळ लिहून द्या, गाडी पाण्यात गेलेली नाही म्हणून. मी आत्ता टोकन देतो." आतून शेठ बाहेर आले. पावतीवर तसं काही लिहायची पद्धत नाही म्हणाले. गाडी जशी आहे तशी, बघून घ्यायची. चहा मात्र चांगला पाजला.

परत येताना गॅरेजवाल्यानं मला समजावलं. पाण्यात गेलेली गाडी लगेच मरत नाही. इंजिन धुऊन, ऑइल बदलून ती चालू होते, चांगली पळतेसुद्धा. मरतात त्या वायरी, जोड आणि कॉम्प्युटरची डबी. ओल आत राहते आणि गंज सावकाश चढतो. वर्षा-दोन वर्षांनी भर पावसात तुम्ही वायपर लावता आणि हेडलाइट जाते. एअरबॅगची डबीही खालीच, मधल्या भागात असते. ती फुटेल की नाही हे फुटायच्या वेळीच कळणार. त्यानं आणखी एक सांगितलं, ते मी नंतर एका विम्याच्या माणसाकडून पक्कं करून घेतलं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा विकला जातो. तो कुणीतरी घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. यात बेकायदा काही नाही. गाडी कायमची निकामी झाली तर नोंदणी रद्द करायची सोय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, कलम ५५ मध्ये आहे. पण दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्याला लागलेली गाडी तीच आरसी घेऊन फिरते.

ती आरसी मी नीट वाचली. दिवाणजीची सवय. चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन, आसनं, रंग, मालक कितवा, सगळं आहे. कर्ज काढलं असेल तर सातबाऱ्यासारखा बोजा चढतो, आणि तो फॉर्म ३५ देऊन उतरवल्याशिवाय गाडी सुखासुखी विकता येत नाही. पाण्याचा बोजा मात्र चढत नाही.

भिजलेली गाडी कुणी विकूच नये असं मी म्हणत नाही. २००५ ला आमच्याही दुकानात भिजलेली हळद आली होती. ती विकली गेली. पण तिचा ढीग वेगळा लावला होता, सौद्याच्या वेळी मोठ्यानं "भिजका माल" म्हणून सांगितलं होतं, भाव भिजक्याचा निघाला आणि मी सौद्याच्या पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, तसं माझ्या हातानं लिहिलं होतं. घेणाऱ्यानं ती कशाला घेतली ते त्याचं तो जाणे, पण त्याला माहीत होतं. यार्डातली माणसं काही साधुसंत नव्हेत. तरी एवढं पाळायचे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच खरेदीदाराला तोंड दाखवायचं असायचं.

असो. घरी आल्यावर मंडळी म्हणाल्या, "पुराच्या गावात कोरडी गाडी कशाला शोधताय? कोरड्या गावात जा की." ३४ वर्षं सगळा हिशेब मी केला, पण हे मला सुचलं नव्हतं. आपला जिल्हाच असा आहे की पश्चिमेला माणूस पाण्यानं मरतो आणि पूर्वेला पाण्यावाचून. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. कवठेमहांकाळच्या बाजूचे एक बागायतदार आमच्या दुकानात बरीच वर्षं बेदाणा घालायचे. त्यांची गाडी विकायची आहे हे यार्डातच कळलं. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी काढत होते. गॅरेजवाल्या पोराला घेतलं, मिरजेहून एसटी धरली आणि पंढरपूर रस्त्यानं गेलो.

बेदाण्याच्या शेडजवळ लिंबाखाली गाडी उभी होती. वॅगनआर, २०१८ ची, पेट्रोल. २०१९ च्या जानेवारीत नवा आकार आला, त्याच्या आधीची ही चौकोनी पेटी. धुतलेलीसुद्धा नव्हती. अंगावर पांढरट धूळ इतकी होती की गाडीचा रंग पांढरा आहे का, हे दारावर बोट फिरवून बघावं लागलं. काट्यावर ६२ हजार. मी काही विचारायच्या आत बागायतदार बोलायला लागले, "या दिवाणजी. आधी खोडी सांगतो, मग गाडी बघा. डाव्या मागच्या दाराला ट्रॉली घासलीया. क्लच ४८ हजार किलोमीटरला नवीन टाकलाय. एसी उभ्या गाडीत मंद पडतो, पळायला लागली की गार करतो. दुसरी किल्ली कुठं गेली ते देवाला माहीत. मागचे दोन टायर पहिलेच हायत."

गॅरेजवाल्यानं टायरच्या कडेचे चार आकडे वाचून दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, नंतरचे दोन म्हणजे साल. पुढचे २०२२ चे निघाले, मागचे खरंच २०१८ चे. मग चारही बेल्ट संपेपर्यंत ओढले. आतून नवा कोरा काळा पट्टा. स्टेपनीच्या खोबणीत माती होती, पण लाल, भुरभुरीत, फुंकर मारली की उडणारी.

मी म्हटलं, "एक ओळ लिहून द्याल का, गाडी पुराच्या पाण्यात गेलेली नाही म्हणून?"

ते इतके हसले की शेडमधल्या बाया बघायला लागल्या. "दिवाणजी, आमच्याकडं कृष्णा येती ती म्हैसाळच्या पंपावरनं, आणि तीबी बिल भरून. गाडी बुडवायला परवडंल व्हय?" पण आत गेले, औषधाच्या दुकानाच्या कॅलेंडरचं मागचं पान फाडून आणलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: सदर गाडी आजतागायत पुराच्या अथवा कोणत्याही पाण्यात गेलेली नाही. खाली सही, तारीख. सांगितलेल्या पाचही खोडी मी त्याच कागदावर लिहून घेतल्या. दोन नव्वद म्हणत होते, पावणेतीनला मिटलं. आधी खोडी ऐकल्या की घासाघीस करायला तोंड उरत नाही, हेही त्या दिवशी कळलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. जुनी गाडी घेणाऱ्यानं इथं कंटाळा करू नये. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. पतसंस्थेचा बोजा आधीच उतरलेला होता. दोन्हीकडं एमएच १०, त्यामुळं एनओसीची भानगड नाही. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा, आणि दावा न केल्याची सूट विकणाऱ्याकडंच राहते, ती गाडीबरोबर येत नाही. त्यामुळं माझा हप्ता वाढला. जुना फास्टॅग त्यांनी बंद केला, नवा मी घेतला. दंडाची एक पावती ऑनलाइन निघाली, ती त्यांनी तिथंच मोबाइलवर भरली. नाव बदलायला लोक वर्ष-वर्ष लावतात. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी ज्याचं नाव नोंदणीत तोच मालक. म्हणजे मी सांगलीत कुणाला धडकलो असतो आणि नोटीस बेदाण्याच्या शेडला गेली असती. आम्ही दोघं आठवड्याच्या आत आरटीओत जाऊन आलो.

आता गाडी. दीड महिना झाला, ९०० किलोमीटर झाले.

पहिली गोष्ट, मंडळी वाकत नाहीत. दार उघडलं की सीट बरोबर कमरेच्या उंचीला. त्या नुसत्या टेकतात, पाय आत घेतात आणि गाडीत असतात. रिक्षात चढताना जो "आई गं" निघायचा, तो दीड महिन्यात मी ऐकलेला नाही. पावणेतीन लाखांपैकी अडीच तर तिथंच वसूल. छपरालाही एवढी जागा आहे की माझी टोपी लागत नाही.

दुसरी, थरथर. तीन सिलेंडरचं ९९८ सीसी इंजिन आहे. सिग्नलला उभी असली की गिअरची दांडी थंडी वाजल्यासारखी हलते. आधी मला वाटलं बिघाड आहे, गॅरेजवाला म्हणाला तिचा स्वभाव आहे. पुढच्या कप्प्याचं झाकण त्या थरथरीनं खडखडायचं. त्यात आपल्याच अंकाची घडी घालून कोंबली, आता गप्प आहे. मथळा बाहेर दिसतो, माफ करा.

तिसरी, हॉर्न. गाडीचा मूळचा काढून त्यांनी ट्रकला शोभेल असा बसवलाय. रानात, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं तो लागत असेल. गावभागाच्या बोळात पहिल्याच दिवशी वाजवला तर समोरचे काका दुधाची पिशवी टाकून ओट्यावर चढले. तेव्हापासून मी काच खाली करून "ओ बाजूला" म्हणतो.

आणि बेदाणे. या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली ओढून काढायचा एक प्लास्टिकचा ट्रे असतो. मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना मंडळींच्या हाताला लागला. ओढला तर आत ठिबकच्या नळीचे चार जोड, द्राक्षं छाटायची एक जुनी कात्री, म्हैसाळच्या पाणीपट्टीची घडी पडलेली पावती आणि कोपऱ्याला चिकटलेले दहा-बारा बेदाणे. बेदाणा मी ३४ वर्षं बघितलाय. हिरवट, लांबट, एक नंबरचा माल, जुना झाल्यानं काळवंडलेला. ट्रेला नाक लावलं. गंधकाचा बारीक वास, त्याच्या खाली गोड. ओल नाही. मंडळींनी ट्रे साबणानं धुवायला घेतला होता, मी म्हटलं राहू दे. अजून गाडी उन्हात तापली की पहिल्या मिनिटाला बेदाण्याच्या शेडचा वास येतो. सूनबाई दिवाळीला येतील तेव्हा नाक मुरडतील बहुतेक. मला तो पावतीइतका भरवशाचा वाटतो. कात्री आणि पावती मी परत पाठवली. जोड नको म्हणाले.

डॅशबोर्डवर मधोमध गोंदाचं एक वर्तुळ होतं, त्यांचा देव तिथं होता. तो त्यांनी विकताना काढून नेला. बरोबर त्याच वर्तुळात आमचा गणपती बसला, मापात. पूजा गणपती मंदिरासमोर केली. मंडळींनी बॉनेटवर हळदीचा भला मोठा स्वस्तिक काढला. मी ओरडणार होतो, पांढऱ्या रंगावर हळद म्हणजे काय हे मला विचारा. पण शब्द गिळला आणि गाडी तीन दिवस मुद्दाम उन्हात लावली. हळदीच्या डागाला ऊन सोसत नाही. तिसऱ्या संध्याकाळी स्वस्तिक गेला होता.

पहिली लांबची फेरी नरसोबाच्या वाडीला. अंकलीचा पूल, उदगाव, जयसिंगपूर, शिरोळ, वाडी. पुलावर मंडळींनी नेहमीप्रमाणं नदीत नाणं टाकायला काच खाली केली. मी गाडी हळू केली तर मागून लोक हॉर्न मारायला लागले, आणि त्यांच्यापेक्षा मोठा हॉर्न माझ्याकडं आहे हे आठवून मला उगीच बरं वाटलं. वाडीहून बासुंदी घेऊन परत. टाकी ते टाकी मोजलं: ४१२ किलोमीटरला २४.३ लिटर, म्हणजे सतराला जरा कमी. मुलगा म्हणतो पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून. असेल. आमच्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसाचं असेल तर बोलायचं कुणाला? गॅरेजवाल्यानं रबरी नळ्या एकदा तपासून ठेवल्यात. मागचे दोन टायर बदलले, एसीत गॅस भरला. साडेनऊ हजार झाले. दाराचा पोचा तसाच ठेवलाय, बोळात अजून दोन पडणारच आहेत.

मागणी एवढीच. पुरात किंवा अपघातात गाडी टोटल लॉस झाली हे विमा कंपनीला कागदोपत्री माहीत असतं. नोंदणी आता संगणकावर आहे, मोबाइलवर गाडीचा नंबर घातला की पीयूसी कधी संपते तेही दिसतं. तिथंच एक रकाना वाढवावा आणि कर्जाच्या बोजासारखी त्याची नोंद चढावी. गाडी विकता येऊ नये असं नाही, घेणाऱ्याला कळावं. आणि ते होईपर्यंत आपल्या वाचकांनी सीटबेल्ट पूर्ण ओढून बघावा, आणि विकणाऱ्याकडं एक ओळ मागावी. लिहून दिली तर उत्तम. नाही दिली तर तेही उत्तरच आहे.

स्कूटरचं सांगायचं राहिलं. २०१९ ला ती आमच्या बोळात पाच दिवस पाण्याखाली होती. धुतली, वाळवली, ऑइल बदललं, चालू झाली. २०२० च्या जानेवारीत मी ती विकली, जतकडून शिकायला आलेल्या एका मुलाला, १८ हजारांना. त्यानं विचारलं होतं, "काका, काही काम आहे का हिच्यात?" मी म्हणालो, "काही नाही, किल्ली मारायची आणि जायचं." पाण्याचं त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दुकानातल्या पोरावर हसून मी घरी आलो त्या रात्री हे आठवलं. त्या मुलाचा नंबर माझ्याकडं नाही. हे छापलं तर चालेल.

परवा बागायतदारांचा फोन आला, दुसरी किल्ली सापडली. फवारणीच्या पंपाच्या खोक्यात होती. एसटीच्या कंडक्टरकडं दिली, मी मिरज स्टँडवर जाऊन घेतली. रुमालात बांधलेली, बरोबर पाव किलो बेदाणे. फोनवर म्हणाले, "पाणी चढायला लागलं की गाडी इकडं आणून लावा दिवाणजी, माहेर हाय तिचं." मी कॅलेंडरवर जून महिन्याच्या पानावर लिहून ठेवलंय: आयर्विन ३५ झालं की टाकी फुल्ल करायची. तेव्हा आकडा जरा ठळक छापत जा, माझा चष्मा बदलायचा आहे.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
गावभाग, सांगली